घाण शिकार

आमच्या खोऱ्यात शिकारीला निघालेल्या माणसाला कोणी शुभेच्छा देत नाही. दिली की संपलंच, त्या दिवशी खारसुद्धा दिसायची नाही. हात हातात घ्यायचा, डोळ्यांत बघायचं आणि म्हणायचं, "घाण शिकार." म्हणजे तुझा दिवस वाया जावो, तुझी गोळी झाडात घुसो, रिकाम्या हाताने घरी ये. असं बोललं की त्या माणसाचं भलं झालंच म्हणून समजा. शुभ बोल नाऱ्या वगैरे आमच्याकडे चालत नाही. शुभेच्छा आम्ही ऑपरेशनला निघालेल्यांना देतो.

आणि माझ्या सख्ख्या भाच्याने पंचवीस सप्टेंबरला, एल्कच्या शिकारीच्या पहिल्या सकाळी, नऊ माणसांच्या टोळीसमोर माझा हात धरून काय म्हणावं? "शुभेच्छा, आत्या. जपून बस."

ट्रॅक्टरच्या शेडमध्ये कोणीतरी खोकलं. आमच्या जुन्या म्होरक्याने, ओदवारने, आपल्या थर्मासचं झाकण उगाच उघडून परत लावलं. माझ्या तुस्साने, म्हणजे माझ्या करड्या कुत्रीने, सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. मी हात सोडवून घेतला आणि बाहेर आले, कारण आत थांबले असते तर तोंडातून काय निघालं असतं ते मलाच ठाऊक नव्हतं.

मी राग्ना. वय एकाहत्तर. पंचेचाळीस वर्षं या टोळीत कुत्र्याचा दोर माझ्या हातात आहे. टोळीतले बाकीचे ठिय्यावर बसतात, म्हणजे ठरलेल्या जागी बंदूक घेऊन गप्प वाट बघत राहतात. मी दोराला कुत्रं बांधून जंगलातून चालते, वारा बघत, वास काढत, एल्क कुठे उभा आहे ते शोधत. एल्क म्हणजे हरणाच्या जातीचं, घोड्याहून उंच जनावर, पण चालतं मांजरासारखं. त्याच्या मागावर दिवसाला पंधरा किलोमीटर होतात, आणि त्यात एक पाऊलसुद्धा सपाटीवर पडत नाही. हे काम पायांचं आहे, आणि भांडण त्याच पायांवरून होतं.

दोन वर्षांपूर्वी काळ्या ओढ्यावर एका ओल्या दगडावरून माझा पाय सटकला आणि गुडघ्यातली कूर्चा फाटली. चालता येईना. मेलेला एल्क जंगलातून ओढून आणायची आमची एक प्लास्टिकची घसरगाडी आहे. तिच्यावर मला आडवी घातली, पट्ट्यांनी बांधली आणि तिघांनी खाली ओढली. गाडीला कालच्या रक्ताचा वास होता. रस्त्यावर पोचल्यावर ओदवार म्हणाला, "हिची शिंगं कुठे विसरलात रे?" सगळे हसले. मीही हसले. फक्त एर्लेंड, माझा भाचा, हसला नाही. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं, पण तेव्हा मी आपल्याच दुखण्यात होते.

गुडघा शिवला. फिजिओबाईने तीन व्यायाम दिले आणि म्हणाली, "घरातल्या घरात फिरता येईल तुम्हाला." मी म्हटलं, "घरात एल्क येत नाहीत." तिने मग आणखी चार दिले. एकदा शब्द दिला की मी तो पाळते. दोन वर्षं रोज सकाळी दात घासताना मी एका पायावर उभी राहते, वरचे दात डाव्यावर, खालचे उजव्यावर. गोठ्याच्या पायरीवर चढ-उतार शंभर वेळा. पाठीवर पंधरा किलो बटाटे घेऊन घरामागच्या टेकाडावर आठवड्यातून तीनदा. ते बटाटे इतके चढले-उतरले की शेवटी खायला माझा जीव होईना.

आणि एक व्यायाम माझा मीच शोधला. पडण्याचा. म्हातारी माणसं पडतात म्हणून मोडत नाहीत, पडायची सवय गेलेली असते म्हणून मोडतात. गाई विकून पंधरा वर्षं झाली, पण गोठ्यात गवत अजून आहे. त्या गवतात मी रोज दहादा पडायचे. हनुवटी आत, हात पुढे टाकायचा नाही, कुशीवर लोळायचं, बंदुकीची नळी आपल्यापासून लांब. बंदुकीच्या जागी खराट्याचा दांडा. एकदा ओदवार अंडी मागायला आला आणि दारातच थिजला. "राग्ना, डॉक्टरला बोलावू का?" मी गवतातूनच म्हटलं, "अंडी फडताळात आहेत. आणि हे बाहेर बोललास तर पुढच्या वेळी तुझ्यावर पडेन." गडी आजवर कोणाला बोलला नाही.

ऑगस्टमध्ये नेमबाजीची परीक्षा दिली. पाचही गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात. तेव्हा डोळे आणि हात यांवर कोणी बोट ठेवू शकत नव्हतं.

पण यंदा टोळीचा म्होरक्या बदलला. ओदवारने चौऱ्याहत्तरी गाठल्यावर काम सोडलं आणि ते एर्लेंडकडे आलं. एर्लेंड चव्वेचाळीसचा, माझ्या भावाचा, आस्मुंडचा मुलगा. आस्मुंड सहा वर्षांपूर्वी गेला. पोरगा चांगला आहे, मेहनती आहे, फक्त काळजी करायला लागला की त्याला थांबता येत नाही. त्या सकाळी त्याने भिंतीवर यादी लावली. कोण कुठे बसणार, कोण कुत्रं नेणार. कुत्र्याच्या पुढे त्याने स्वतःचं नाव लिहिलं होतं, आणि माझं नाव होतं दुधाच्या फलाटाजवळच्या ठिय्यापुढे.

पूर्वी डेअरीच्या गाडीसाठी दुधाचे कॅन ठेवायचे तो लाकडी फलाट अजून रस्त्याकडेला उभा आहे. मोटारीचं दार उघडायचं आणि बसायचं. त्याला सगळे पेन्शनीचा ठिय्या म्हणतात. तिथे बसलेला माणूस परत कधी जंगलात गेल्याचं मला आठवत नाही.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"आत्या, गुडघा."

"गुडघा माझ्यापाशी आहे. तो काही बोलला नाही मला."

"डोंगर निसरडा आहे, आठवडाभर पाऊस झालाय. तू पडलीस तर?"

"पडले तर उठेन. माणूस पडून उठतो म्हणूनच चालायला शिकतो. तू तर दीड वर्षाचा होईस्तोवर शिकला नव्हतास, मीच शिकवलंय तुला."

दोघं-तिघं हसले. एर्लेंडचे कान लाल झाले, पण यादी त्याने बदलली नाही. "म्होरक्या मी आहे," तो हळूच म्हणाला. तो मुद्दा खरा होता. बंदुका हातात असलेल्या नऊ माणसांत ज्याला-त्याला वाटेल तसं वागून चालत नाही. म्हणून मी ऐकलं. आणि मग हात मिळवताना, सगळ्यांना "घाण शिकार" म्हणून झाल्यावर, त्याने मला ती शुभेच्छा दिली.

फलाटापाशी मी, तुस्सा माझ्या पायाशी, आणि पलीकडे दोनशे पावलांवर ओदवार, घडीच्या खुर्चीत. मला इतका संताप आला होता की ब्रेड-चीज मी तुस्सालाच देऊन टाकलं. पायांनी काही चूक केली असती तर मी गप्प बसले असते. पण दोन वर्षं बटाटे वाहिले ते काय रस्त्याकडेला बसून दूधगाडीची वाट बघायला? तीही आता येत नाही.

साडेनऊला वर कुठेतरी एर्लेंडचं नवं कुत्रं भुंकलं. पाच मिनिटांनी एक मोठा नर एल्क झाडीतून निघून ओदवारच्या समोर आला, आडवा, साठ पावलांवर. ओदवारने गोळी झाडली. एल्क कमानीसारखा वाकला आणि वळून परत डोंगरात शिरला.

ओदवार चालत माझ्याकडे आला. एवढा पन्नास हंगाम बघितलेला माणूस, पण खुर्ची मागे उलटी टाकून आला होता. "मागे लागली, राग्ना," तो म्हणाला. "पोटात. मी घाई केली."

जखमी जनावर डोंगरात मरायला सोडणं याहून मोठी लाज आमच्याकडे नाही. थर्मासमधली कॉफी त्याच्या हातात दिली.

"त्या पोराने शुभ बोलून ठेवलं ना," तो म्हणाला. "भोगा आता."

वॉकीटॉकीवर शिकार थांबवली. पोटात लागलं असेल तर जनावराला आधी शांत पडू द्यायचं असतं, लगेच मागे लागलं तर ते मैलोनमैल जातं. दोन तासांनी एर्लेंड खाली आला, घामाघूम. माग काढायला त्या कामात पास झालेलं कुत्रं लागतं, तसा कायदाच आहे. आणि टोळीत तसं एकच कुत्रं होतं. त्याचं स्वतःचं कुत्रं दोन वर्षांचं कार्टं, ते अजून खारींच्या मागे धावतं. यादी करताना हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आत्या, तुस्सा दे," तो म्हणाला.

"घे की."

मी दोर त्याच्या हातात दिला. तुस्साने आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि रस्त्याच्या मधोमध पोट टेकून पसरली. त्याने ओढलं. ती सरकली, उठली नाही. त्याने खिशातलं सॉसेज दाखवलं. तिने सॉसेज खाल्लं आणि परत पसरली. ओदवारने तोंड फिरवलं, त्याचे खांदे हलत होते.

"हिला काय झालंय?"

"काही नाही. नऊ वर्षांची आहे, तिला कळतं कोणाबरोबर जायचं ते. तू वशिला लावून बघ आणखी एकदा."

त्याने डोंगराकडे बघितलं, मग घड्याळाकडे. दुपार कलायच्या आत जनावर सापडायला हवं होतं. "मी तुझ्या मागेच राहणार," तो म्हणाला. "एक पाऊलसुद्धा लांब नाही."

"ये की. पण बोलायचं नाही."

तुस्साला रक्त वासाने लगेच सापडलं. दोर ताणला गेला, आणि माझ्या हाताला ती ओढ बसली तसं मला पहिल्यांदा त्या दिवशी बरं वाटलं. चढ उभा होता. मी माझ्या चालीने चढले, बटाट्यांच्या चालीने, नाकाने श्वास घेत. श्वास तोंडाने घ्यावा लागला की थांबायचं, हा माझा नियम. मागे एर्लेंड धापा टाकत होता, सकाळपासून तो पळतच होता.

काळा ओढा आला. एल्क सरळ पाण्यातून गेला होता, त्याच ओल्या दगडांवरून. मी डावीकडे वळले.

"आत्या, माग तर समोर आहे."

"माहीत आहे. खाली दोनशे पावलांवर वाळूचा उथळ उतार आहे, तिथून जाऊ आणि पलीकडे परत माग धरू."

"त्यात दहा मिनिटं जातील."

"उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. गुडघा माझा एकदाच शिवून मिळालाय. गेल्या वेळी दगडावरून जाऊन दहा मिनिटं वाचवली आणि आठ महिने घालवले."

उतारावर मी बंदूक उघडून बघितली, रिकामी आहे ना ते, मग काठी टेकत, पाणी पोटरीपर्यंत येऊ देत पलीकडे गेले. तोही तसाच आला. तुस्साने माग पुन्हा धरला.

पुढे पडलेल्या देवदारांचा पट्टा लागतो, शेवाळाने माखलेला. एक ओंडका ओलांडला, दुसरा ओलांडला. तिसऱ्याखाली पोकळी होती आणि माझा पाय त्यात गेला. पडतेय हे मला आधीच कळलं. हनुवटी आत गेली, हात पोटाशी आला, डाव्या कुशीवर पडले, लोळले, नळी आभाळाकडे. गोठ्यात दहादा करते तसंच. फक्त इथे गवताऐवजी एक मुळी होती आणि ती कमरेत बसली.

मी आभाळाकडे बघत पडले होते आणि मनात म्हणत होते, झकास, राग्ना. तेवढ्यात एर्लेंड माझ्या शेजारी येऊन कोसळल्यासारखा बसला. तो माझं नाव घेत नव्हता. तो "बाबा, बाबा" म्हणत होता.

मी उठून बसले. त्याचं तोंड पुन्हा तसंच पांढरं झालं होतं, घसरगाडीच्या दिवशी होतं तसं.

"एर्लेंड. मी आत्या आहे. बघ, पाय हलतायत. दोन्ही."

त्याने तोंडावर हात घेतले. मग म्हणाला, "इथेच वर सापडले होते ते मला. सहा वर्षं झाली. पाठ झाडाला टेकून बसले होते, मला वाटलं डबा खातायत."

"माहीत आहे मला, बाळा."

"तुला सगळं माहीत नाही. सकाळी मी त्यांच्याशी शेवटचं काय बोललो माहीत आहे? घाण शिकार. रिकाम्या हाताने घरी या, असं. हसत बोललो. ते घरी आलेच नाहीत." त्याने बाहीने नाक पुसलं. "आज तुझा हात हातात घेतला, आणि तुझा हात अगदी बाबांसारखा आहे गं. नाही आलं तोंडातून."

सकाळपासून मी या पोराला मनात जितक्या शिव्या दिल्या होत्या त्या सगळ्या मला परत आठवल्या आणि माझी मलाच लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून दोर सोडायचा, असं मात्र मला वाटलं नाही.

"ऐक," मी म्हटलं. "आस्मुंड गेला तो त्याच्या हृदयामुळे. सहा महिने छातीत दुखत होतं ते त्याने मलाही सांगितलं नाही. तुझ्या शब्दाने तो गेला नाही. आणि मी काही आस्मुंड नाही. मी दर सहा महिन्यांनी तपासून येते, एका पायावर दात घासते, पडायलासुद्धा शिकलेय. तू मला रस्त्यावर बसवलंस तर मी मरणार नाही असं थोडंच आहे? फक्त चिडून मरेन."

तो हसला की रडला, मला नीट कळलं नाही. त्याने उठवायला हात पुढे केला. मी काठी टेकून माझी मी उठले, आणि मग त्याचा हात धरला.

तीनशे पावलांवर तुस्सा थांबली. शेपूट सरळ, कान पुढे. मी बंदूक भरली. एल्क एका देवदाराखाली पडला होता, त्याने मान उचलली आणि उठायला लागला. झाडांमधून जेमतेम हातभर फट होती, आणि ती फक्त खालून दिसत होती. मी गुडघ्यावर बसले. शिवलेल्याच गुडघ्यावर, कारण दुसऱ्या पायाने दोर दाबून धरायचा होता. गुडघा हलला नाही. मी एक गोळी झाडली आणि एल्क जागच्या जागी कोसळला.

एर्लेंड मागून पुढे आला. मग त्याने वॉकीटॉकी काढली. "ओदवार, सापडला," तो म्हणाला. "घसरगाडी पाठव. एल्कसाठी पाठव, आत्या चालत येतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी कंबर जांभळासारखी झाली होती. ते मी कोणाला सांगितलं नाही, तुम्हालाच सांगतेय. गुडघा ठीक होता. दात घासले, वरचे डाव्यावर, खालचे उजव्यावर, आणि शेडमध्ये गेले. भिंतीवर यादी तीच होती, पण दोन नावांवर पेन्सिलने काट मारून ती अदलाबदल केली होती. पेन्शनीच्या ठिय्यापुढे लिहिलं होतं, एर्लेंड. ओदवारने त्याला आपली घडीची खुर्ची देऊ केली.

मग हात मिळवणं सुरू झालं. एकेकाला घाण शिकार, घाण शिकार. माझ्यापाशी तो आला आणि थांबला. माझा हात त्याने घट्ट धरला. बाकीचे आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

"घाण शिकार, आत्या," तो पुटपुटला.

"ऐकू आलं नाही. एकाहत्तरची आहे मी."

त्याने श्वास घेतला. "घाण शिकार, म्हातारे," तो मोठ्याने म्हणाला. "एकसुद्धा एल्क न दिसो तुला. रिकाम्या हाताने घरी ये."

"येते," मी म्हटलं. "सहाला कॉफी टाकून ठेव."

त्या दिवशी खरंच काही दिसलं नाही. सतरा किलोमीटर झाले, एक जुनी लीद सापडली, बस. सहाला पाच कमी असताना मी त्याच्या अंगणात शिरले. कॉफी टाकलेली नव्हती. तो पायरीवर उभा होता, डोंगराच्या वाटेकडे तोंड करून, आणि अंगात त्याचा जाड कोटसुद्धा नव्हता.

"रिकाम्या हाताने आले," मी म्हटलं. "आता कॉफी टाक."